चॅप्टर परत उभा करतोयस त्याबद्दल थोडं

अरे,

फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांची संघटना, तिच्या हिशोबाने आपण ब्रदर्स, पण तू फोनवर एकदम काका म्हणालास आणि मला तेच बरं वाटलं. तेव्हा मी गाडी चालवत होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो.

आधी तुझी आकड्याची काळजी. चॅप्टरमध्ये, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या आपल्या कॉलेजातल्या शाखेत, चौदाच मुलं आहेत, शेजारच्या फ्रॅटर्निटीच्या हाऊसमध्ये ऐंशी, मग आपलं कसं होणार, असं म्हणालास. ओहायोत ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या मायामी युनिव्हर्सिटीत १८३९ ला बीटा थीटा पाय ही फ्रॅटर्निटी सुरू झाली तेव्हा आठ मुलं होती, १८४८ ला फाय डेल्टा थीटा सहा जणांनी काढली आणि १८५५ ला सिग्मा काय सात जणांनी. सिग्मा कायची गोष्ट तर तू तुझ्या मुलांना सांगच. डेल्टा कॅपा एप्सिलॉन या आणखी एका फ्रॅटर्निटीच्या तिथल्या चॅप्टरमध्ये बारा जण होते, कॉलेजच्या साहित्य मंडळात कवी म्हणून कोणाला निवडायचं यावरून वाद झाला, काही जण म्हणाले हा आपला ब्रदर आहे पण कविता त्याला जमत नाही, मग केवळ आपला म्हणून मत देणार नाही, आणि त्यावरून चॅप्टर सरळ अर्धा अर्धा फुटला. बाहेर पडलेल्या सहा जणांनी अजून एक मित्र घेऊन नवीन फ्रॅटर्निटी काढली, तीच सिग्मा काय. चौदा पुरेत रे. ते कोण आहेत ते बघ.

आता अ‍ॅलम्नाय, म्हणजे कॉलेज संपवून गेलेले जुने ब्रदर्स. सगळ्यांना एकच मोठी ईमेल पाठवू नकोस, ती कोणी वाचत नाही, आणि पहिल्याच ईमेलमध्ये पैसे मागितलेस तर पुढची उघडणारसुद्धा नाहीत. फोन कर. भिंतीवर जी दरवर्षीची कंपोझिट्स होती, सगळ्यांचे सूटातले छोटे फोटो एका फ्रेममध्ये, ती कोणाकोणाच्या गराजमध्ये पडलीत, ती गोळा कर आणि प्रत्येक वर्षातला एकच माणूस शोध, बाकीचे तोच आणून देईल. आणि प्रत्येकाला एक नेमकं काम सांग, जे संपतं. कॉन्ट्रॅक्टर आहे त्याला म्हण एक शनिवार येऊन हाऊसचा बॉयलर आणि छत बघा, अकाउंटंट आहे त्याला ड्यूजचं, म्हणजे वर्गणीचं, बजेट दाखव, शिकवणाऱ्याला म्हण महिन्यातून एकदा मुलांच्या ग्रेड्स घेऊन बसा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे खूप भेटतील, चांगली माणसं असतात ती, पण त्यांना आपणहून काय करायचं ते सुचत नाही.

पैशाचं एवढंच की चॅप्टर वेगळा, घराचा कारभार बघणारी हाऊस कॉर्पोरेशन वेगळी आणि एज्युकेशनल फाउंडेशन वेगळं. चॅप्टरला किंवा हाऊसला दिलेल्या पैशावर देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळत नाही, फाउंडेशनला दिले तर मिळते पण ते स्कॉलरशिपसारख्या शिक्षणाच्या कामालाच वापरता येतात. हे पाठ करून ठेव, मोठा चेक देणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो.

खरं जे सांगायचंय ते आता. आपला चॅप्टर का बंद झाला हे तुला हेडक्वार्टर्सच्या कागदात दोन ओळीत कळलं असेल. त्या कागदात हे नाही की जे २०१९ ला झालं तेच १९९२ ला पण होत होतं. बेसमेंटमध्ये आमच्या प्लेज क्लासला, म्हणजे त्या वर्षी नव्याने आलेल्या आम्हा मुलांना, रात्रभर उभं केलं होतं, थंडीत, ओल्या कपड्यांनी, आणि पुढच्या वर्षी पुढच्या मुलांना उभं करणाऱ्यांत मी होतो. तेव्हा त्याला परंपरा म्हणायचो. पुण्यात आईला सांगितलं असतं तर ती सरळ रॅगिंग म्हणाली असती, महाराष्ट्रात १९९९ पासून त्याच्याविरुद्ध कायदा आहे. २०१७ ला पेन स्टेटमध्ये बीटा थीटा पायच्या हाऊसमध्ये १९ वर्षांचा मुलगा असाच गेला, दारू पाजली, जिन्यावरून पडला आणि कित्येक तास कोणी मदतच बोलावली नाही. ती बातमी वाचताना मला आमचंच बेसमेंट दिसत होतं.

म्हणून सांगतो, आमच्यातले काही जण येतील आणि हात खांद्यावर ठेवून म्हणतील की आमच्या वेळी असं व्हायचं, त्यानेच ब्रदरहुड तयार होतं, तुम्ही फार मऊ झालात. त्यांचा राग करू नकोस, त्यांची तरुणपणाची सगळी आठवण त्या घरात आहे, पण त्यांना न्यू मेंबर एज्युकेशनच्या, म्हणजे नव्या मुलांना तयार करण्याच्या कामाच्या, जवळपाससुद्धा येऊ देऊ नकोस. वाटल्यास माझं नाव सांग. डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगविरुद्ध, म्हणजे तिकडच्या रॅगिंगविरुद्ध, फेडरल कायदा आलाय, आता कॉलेजला असे प्रकार जाहीर करावे लागतात, तोही त्यांना दाखव. आणि कोणी ऐकलंच नाही तर त्याचा चेक परत पाठव, हाऊसला गळकं छत चालेल.

अ‍ॅडव्हायझरी बोर्डावर पाच सहा जण घे, आणि त्यात एक तरी असा घे जो आपल्या फ्रॅटर्निटीतला नाही, एखादे प्रोफेसर, कॉलेजच्या ऑफिसमधल्या कोणी मॅडम. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो रे, ती सवय लागलेली असते.

मी ऑक्टोबरमध्ये होमकमिंगला, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, येतोय, शुक्रवारी रात्री उशीरा पोचेन, १९९३ चं कंपोझिट गाडीत टाकून आणतो. त्यात आमच्या क्लासचे अकरा जण दिसतील, सुरुवातीला आम्ही बारा होतो. बारावा त्या रात्रीनंतर सोडून गेला आणि आम्ही वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. गेल्या महिन्यात मी त्याचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागितली, बराच वेळ तो काहीच बोलला नाही, मग मुलंबाळं, नोकरी, असं पाऊण तास चाललं. येतो असं तो म्हणालेला नाही. पण तुझा नंबर त्याने मागून घेतलाय, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचल.

तुझा,
काका