२ मीटरची डॅरियस: पाती, जोड आणि ब्रेक

डॅरियस म्हणजे उभ्या आसाभोवती फिरणारी पवनचक्की. तुमची २ मीटर व्यास, २ मीटर उंची, तीन सरळ पाती. पाती ॲल्युमिनियमची चालतील का आणि आपोआप सुरू व्हायला मध्ये सॅव्होनियस (अर्धगोल पन्हाळींचा, वाऱ्याच्या ढकलण्यावर फिरणारा छोटा रोटर) घालावा का, हा तुमचा प्रश्न.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. पाती वाऱ्यातलं जेवढं क्षेत्र व्यापतात ते ४ चौ.मी. ६ मी/से वाऱ्यात त्यातून सुमारे ५३० वॅट वाहतात. घरगुती बांधणीत २५ टक्के मिळाले तर उत्तम, म्हणजे शाफ्टवर १३० वॅट. अल्टरनेटरनंतर (वीज बनवणाऱ्या जनित्रानंतर) शंभरेक धरा.

खरी अडचण शक्तीची नाहीच, थकव्याची आहे, म्हणजे भार पुन्हा पुन्हा उलटून धातूला तडे जाण्याची. पात्याचा वेग वाऱ्याच्या तिप्पट धरला तर हे यंत्र मिनिटाला साधारण १७० फेऱ्यांनी फिरेल, आणि प्रत्येक फेरीत पात्यावरचा भार एकदा आत, एकदा बाहेर असा उलटतो. दिवसभर वारा राहिला तर अडीच लाख आवर्तनं झाली! ॲल्युमिनियमला पोलादासारखी सुरक्षित थकवा-मर्यादा (जिच्याखालचा भार कितीही वेळा आला तरी तडा जात नाही) नसते. जॉर्ज डॅरियसनं १९२०च्या दशकात पेटंट घेतलेली रचना १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात शेकड्यांनी उभी राहिली, आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांना पडणाऱ्या तड्यांनीच तिला जेरीस आणलं. कॅनडातल्या क्यूबेकमधलं सुमारे ११० मीटर उंचीचं 'एओल' हे डॅरियस यंत्र मात्र खालच्या बेअरिंगपायी १९९३ मध्ये थांबलं. सगळं वजन तिथेच येतं, त्यामुळे तुमच्याकडेही खाली टेपर रोलर बेअरिंगच (उभं वजनही पेलणारं, निमुळत्या रोलरांचं) हवं.

पाती फायबरग्लासची करा. छेद NACA ००१८ (दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर, जाडी रुंदीच्या १८ टक्के), रुंदी १५ सें.मी. प्रत्येक पात्याला दोन आडवे हात द्या, टोकांपासून ४१-४२ सें.मी. आत, तिथे वाकवणारा भार सर्वांत कमी पडतो. पात्याला आरपार भोक पाडू नका, तडा नेमका तिथूनच निघतो. दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावा. १२ मी/से वाऱ्यात ३४० फेऱ्यांना दीड किलोचं पातं हातांना जवळपास २०० किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, हे हिशेबात ठेवा.

सॅव्होनियस चालेल, पण त्याचा व्यास ६० सें.मी.च्या आत ठेवा. त्याची कड वाऱ्याच्या वेगाच्या आसपासच काम करते. याहून मोठा घेतलात तर सुरुवातीला ढकलेल आणि वेग आल्यावर तोच ब्रेक बनेल. (माझं मत विचाराल तर तो घालूच नका, कंट्रोलरनं अल्टरनेटरलाच मोटर करून सुरुवात द्या. सॅव्होनियसच्या मागे वाऱ्यात होणारी खळबळ पात्यांना नको.)

ब्रेकवर मात्र काटकसर नको. आडव्या आसाची चक्की वाऱ्यातून तोंड फिरवू शकते, ही नाही. अल्टरनेटरचे फेज शॉर्ट करणं (त्याच्या बाहेर येणाऱ्या तारा एकमेकींना जोडणं) हा एक ब्रेक, पण वायर तुटली की तो गेला. म्हणून वेग वाढल्यावर स्वतःच पडणारा यांत्रिक डिस्क ब्रेक वेगळा हवाच.

छतावर बसवण्याआधी खांबाला धक्का देऊन त्याची कंपनवारंवारता मोजा, रोटर चढवूनच. १७० फेऱ्यांना तीन पाती ८.५ हर्ट्झचे धक्के देतात. खांबाची वारंवारता त्याच्या जवळ असेल तर ताणतारा घालून तो ताठ करा, आणि चक्की चालेल त्या सगळ्या वेगांसाठी हा आकडा तपासा.