मोठे टायर बसवण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (नाशिक) : माझ्याकडे २०२० साली आलेल्या नव्या पिढीची महिंद्रा थार आहे. तिचे २४५/७५ आर १६ मापाचे टायर झिजत आले आहेत. आता थेट २८५/७५ आर १६, म्हणजे ज्यांना सगळे ‘तेहतीस इंची’ म्हणतात, ते बसवावेत असे वाटते. गाडी उंच होईल आणि दगडांत खालून लागणार नाही, एवढाच हेतू आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : हेतू रास्त आहे, पण त्यातून किती मिळते ते आधी पाहू. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमधला. दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची सांगतो. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. या हिशेबाने तुमच्या सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी भरतो आणि तेहतीस इंचीचा सुमारे ८३४ मिमी. फरक ६० मिमीचा आहे; मात्र गाडी उचलली जाते ती चाकाच्या मध्यापासून, त्यामुळे प्रत्यक्षात पदरात पडतात ते ३० मिमी.

या ३० मिमीची किंमत सगळ्या गाडीला मोजावी लागते. चाकाचा घेर जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढल्यामुळे प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये सहज निघणारी गाडी पहिला मागू लागते आणि लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या संथ पण जोरदार गिअरमध्ये, दगडांवरून मुंगीच्या पावलांनी उतरण्याची तिची क्षमताही तेवढी घटते. स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम असल्याने कंपन्या तो थोडा जास्तच दाखवेल असा ठेवतात. पण चाक आठ टक्क्यांनी वाढले की ही राखीव जागा संपते आणि काटा ८० वर असताना गाडी त्याहून वेगाने धावत असण्याची शक्यता निर्माण होते. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, म्हणून टायर बदलल्यावर काढलेले अ‍ॅव्हरेज खऱ्याहून वाईट दिसते आणि सर्व्हिसची वेळ उशिरा आल्यासारखी वाटते. ब्रेक तेच राहतात, थांबवायचे चाक मात्र मोठे आणि जड झालेले असते. घाट उतरताना हे पायाला जाणवते.

मग घासण्याचा प्रश्न येतो. दुकानात गाडी सपाट फरशीवर उभी असताना टायर मोकळा फिरतो, त्यावर विश्वास ठेवू नये. टायरच्या दोन्ही खांद्यांवर खडू फासावा, पुढचे एक चाक भक्कम रॅम्पवर चढवून सस्पेन्शन पूर्ण दाबू द्यावे आणि कोणाला तरी बॅटरी घेऊन बाजूला उभे करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फुल लॉकपर्यंत सावकाश फिरवावे. इंजिन बंद केल्यावर फेंडरचे आतले अस्तर, मडफ्लॅप आणि चासीची बाजू तपासावी. जिथे खडू उमटला असेल तिथे उद्या रबर कापले जाणार आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. तुमच्या वापरासाठी मूळ मापातच, मजबूत साइडवॉलचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे, टायर घ्यावेत. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर टायर निकामी होतो तो बहुधा धारदार दगडाने साइडवॉल चिरल्यामुळे, आणि ती जखम पंक्चरवाल्याकडे बरी होत नाही. थोडी उंची हवीच असेल तर २६५/७५ आर १६ पर्यंत विचार करता येईल. त्याने १५ मिमी मिळतात आणि घेर सुमारे चार टक्के वाढतो. खडूची चाचणी मात्र तिथेही करावी.

प्रश्न (चिपळूण) : मारुती सुझुकीच्या जिम्नीला २३५/७५ आर १५ बसवतात असे ऐकले. मूळ रिमवरच बसतील का? सोबत गाडी उंच करणारे लिफ्ट किटही घ्यावे का?

उत्तर : मूळ रिमवर बसवू नयेत. जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५ आणि तिची रिम साडेपाच इंच रुंद. २३५/७५ आर १५ या मापाला सर्वसाधारणपणे किमान सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन मधला भाग फुगतो. मग टायर मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. याच रिमवर २१५/७५ आर १५ मात्र बसतो, आणि व्यास ६९३ मिमीवरून सुमारे ७०४ मिमी, म्हणजे जेमतेम दीड टक्का वाढतो. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर आहे. या गाडीची खरी ताकद तिच्या हलकेपणात असल्याने तिच्या चाकांना जड करणे मला पटत नाही.

लिफ्ट किटबद्दल एकच गोष्ट लक्षात घ्यावी. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारे एकसंध आस, आहेत. किटमुळे बॉडी वर जाते, अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला आधी लागतो तो हा गोळाच.

प्रश्न (पुणे) : पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध घाटांत नेहमी जाणे होते, अधूनमधून कच्च्या रस्त्यावरही. ऑल-टेरेन घ्यावेत की मड-टेरेन?

उत्तर : ऑल-टेरेन, आणि यात मला शंका वाटत नाही. मड-टेरेनचे, म्हणजे चिखलासाठी बनवलेल्या टायरचे, ठोकळे मोठे आणि त्यांमधल्या खोबणी रुंद असतात, त्यामुळे डांबराला टेकणारे रबर कमी पडते. शिवाय ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, ज्या ओल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर फोडतात, त्याही कमी असतात. ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते ते यामुळेच. त्यांच्या आवाजाची सवय होते, थांबण्याच्या अंतराची होत नाही.

मड-टेरेनची खरी जागा काळ्या मातीत आहे. मराठवाड्यातल्या शेतवाटेवर पहिल्या पावसानंतर ऑल-टेरेनच्या खोबणी चाकाच्या काही फेऱ्यांतच माखून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेन फिरता फिरता तो चिखल फेकून देतो. रोज असा रस्ता असणाऱ्या शेतकऱ्याने ते जरूर घ्यावेत. कोकणातल्या जांभ्यावर शेवाळ धरले असेल तर मात्र कोणत्याही नक्षीचा भरवसा धरू नये.

प्रश्न (सातारा) : चारच टायर मोठे घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल का?

उत्तर : फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पाचही एकाच मापाचे घ्यावेत. वेगळ्या घेराचे चाक लावून फोर-व्हील गुंतवली तर पुढच्या-मागच्या शाफ्टचा वेग जुळत नाही आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर, येतो. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यासुद्धा चारही चाकांच्या वेगाची तुलना करूनच निर्णय घेतात. थारसारख्या गाडीत जड स्टेपनीचे वजन मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर येते, तेही तपासत राहावे.

प्रश्न (कोल्हापूर) : आरटीओ आणि विम्याची अडचण येते का?

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून सर्वांत निर्धोक माप म्हणजे उत्पादकाने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेले. थारच्या बाबतीत २५५/६५ आर १८, त्याच्या रिमसह. बॉडीबाहेर डोकावणारे टायर आणि लिफ्ट केलेले सस्पेन्शन तपासणीत चटकन नजरेत भरतात. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे, कारण अपघातानंतर येणारा सर्व्हेअर गाडीतले असे बदल टिपून ठेवतो.

माप कोणतेही घ्या, लोड इंडेक्स (टायर पेलू शकणाऱ्या वजनाचा आकडा) आणि वेगाचे अक्षर (कमाल वेगाची खूण) मूळ टायरपेक्षा कमी नसावे. लोड इंडेक्स ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. अक्षर क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८० किमी. त्याच साइडवॉलवर डॉट या खुणेशेवटी चार आकडे असतात, पहिले दोन उत्पादनाच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पैसे देण्याआधी पाचही टायरांवर ते वाचावेत आणि वर्षभराहून जुना माल सवलतीत मिळत असला तरी बदलून मागावा.