अक्लिव्हिटी म्हणजे चढणच, पण खालून पाहिलेली

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: पुणे परिसरातल्या डोंगरांचं एक जुनं इंग्रजी वर्णन तुम्ही मराठीत आणताय, त्यात 'अक्लिव्हिटीज' हा शब्द आलाय आणि कोशात 'चढ' एवढंच मिळतंय. मग मराठीत नेमकं काय लिहावं, आणि स्वतःच्या इंग्रजी लेखात तो वापरावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे मी हात पोळून घेतलेत. वेताळ टेकडीच्या पायवाटांची एक इंग्रजी माहितीपुस्तिका करत होतो. 'पुढे उभी चढण आहे' या जागी मोठ्या हौसेनं 'स्टीप अक्लिव्हिटी' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटली आणि पुस्तिका छापून आली तेव्हा तिथे 'स्टीप ॲक्टिव्हिटी' होतं! त्याला काय बोलणार? वाचणाऱ्याला जो शब्दच चूक वाटतो, तो पायवाटेच्या पुस्तिकेत घालायची हौस माझी होती. 'अपहिल', 'स्लोप', 'क्लाइंब' यांत सगळं भागतं. अक्लिव्हिटी जुन्या प्रवासवर्णनात भेटली की ओळखायची आणि पुढे जायचं.

आता अर्थ. उच्चारात जोर 'क्लि'वर आहे. लॅटिनमध्ये 'क्लिवुस' म्हणजे उतरती-चढती जमीन, आणि 'अद' म्हणजे '-कडे'. पुढच्या 'क'मुळे 'अद'चा 'अक' झाला; आपल्याकडे 'उत्' आणि 'लास' मिळून 'उल्लास' होतो, तसलाच प्रकार. उलट बाजूचा शब्द 'डिक्लिव्हिटी', म्हणजे उतार. तिसरं भावंड 'प्रोक्लिव्हिटी' मात्र जमीन सोडून माणसात शिरलं: मनाचा कल, बहुतेकदा नको त्या गोष्टीकडे. गंमत बघा, कलणं आणि कल हे नातं मराठीनंही स्वतःच्या वाटेनं जोडलंय. आणखी खोल गेलात तर हे मूळ आपल्या 'श्रि' धातूला जाऊन मिळतं, टेकणं, आधार घेणं या अर्थाच्या. म्हणजे 'आश्रय' हा शब्द अक्लिव्हिटीचा लांबचा चुलतभाऊ.

पण भाषांतरासाठी कळीची गोष्ट वेगळीच आहे. अक्लिव्हिटी हे जमिनीच्या आकाराचं नाव असलं तरी बघणारा कुठे उभा आहे, हे त्यात आलंच. दिवे घाट घ्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे सोडून सासवडकडे निघते तेव्हा घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. ती अक्लिव्हिटी. तोच रस्ता सासवडहून हडपसरकडे येणाऱ्याला डिक्लिव्हिटी. डांबर तेच, वळणं तीच. इंग्रजांना यासाठी दोन भारदस्त शब्द आणावे लागले. आपल्याकडे सिंहगडावर दही विकायला जाणाऱ्या बाईलाही सकाळी ती चढण असते आणि संध्याकाळी उतार. त्यामुळे 'आरोही प्रवणता' वगैरे काही घडवत बसू नका. 'चढण' लिहा. 'स्टीप' असेल तर उभी चढण, 'जेंटल' असेल तर सौम्य चढण, किंवा नुसतं 'जमीन हळूहळू चढत जाते'.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, अक्लिव्हिटी म्हणजे चढण्याची क्रिया नव्हे, जागा. 'असेंट'ला दोन्ही अर्थ चालतात, हिला नाही. म्हणून तिथे 'चढाई' लिहू नका, वाचणाऱ्याला तलवारी दिसायला लागतात. दोन, ते मापही नव्हे. माप म्हणजे 'ग्रेडियंट'. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचा तीव्रतम चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. त्यासाठीच कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. हा आकडा ग्रेडियंटचा. अक्लिव्हिटीला आकडा नसतो, फार तर धाप असते.

राहिलं अनेकवचन. 'अक्लिव्हिटीज' असं आलं की बहुधा एक वाट अभिप्रेत नसते, समोर उठत गेलेले डोंगराचे अंग दिसत असतात. तिथे 'चढणी' कानाला खटकतं. लेखक पायथ्याशी उभा असेल तर 'समोरचे चढ' म्हणा. आधीचं वाक्य मात्र पुन्हा वाचून घ्या: तो माथ्यावरून खाली बघत असेल आणि तरीही अक्लिव्हिटीज म्हणत असेल, तर शब्द त्यानंच ढिसाळ वापरलाय. अशा वेळी मी सरळ 'डोंगरउतार' लिहितो.