दाढ काढायची आहे आणि व्हॉल्व्ह मेटलचा आहे

ताई, आईंच्या हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदललेला आहे, आता दाढ काढायची आहे आणि नीट कुणीच सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक सांगा, त्यांची रक्त पातळ करायची गोळी कुणी बंद करायला लावली आहे का? लावली असेल तर पुढचं नंतर वाचा, आजच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ताची तपासणी) करून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

व्हॉल्व्ह मेटलचा आहे असं धरून लिहितोय. टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतींपासून केलेला) असेल तर गणित वेगळं. मी डॉक्टर नाही, तासगावात दुकान चालवतो. पण "पुण्याचे म्हणतात विट्यात विचारा, विट्याचे म्हणतात ऑपरेशन केलेल्यांना विचारा" हे तुमचं वाक्य वाचलं आणि २०१६ साल डोळ्यासमोर आलं.

बायकोचा मायट्रल व्हॉल्व्ह बदलून दीड वर्ष झालं होतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तिथूनच झडप खराब झालेली. दाढ ठणकायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, पाच दिवस गोळी बंद करा. मी ऑपरेशन झालं तिथे फोन केला. एक दाबा, दोन दाबा करत वीस मिनिटांनी एक बाई बोलल्या, "पेशंट आता आमच्याकडे नाही ना, लोकल डॉक्टरांना विचारा." फाईल नंबरसुद्धा विचारला नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, ही जबाबदारी मी घेणार नाही. मग शहाणपणा मी केला. गोळी बंद. दाढ निघाली, हिरडीतून थोडं रक्त येत होतं म्हणून अजून चार दिवस बंदच ठेवली. सुरू कधी करायची हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मेटलच्या व्हॉल्व्हची टिकटिक रात्री शेजारी झोपलेल्याला ऐकू येते. दहाव्या रात्री ही म्हणाली, "अहो, आवाज येईना झालाय." मी म्हटलं, झोप. पहाटे दम लागला, मिरजेला नेलं. आयएनआर १.३, हवा २.५ ते ३.५. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ. गाठ विरघळवायच्या इंजेक्शनवर निभावलं, पण आयसीयूच्या बाहेरचा तो बाक अजून विसरलो नाही.

तिथले डॉक्टर म्हणाले, एका दाढेसाठी बहुतेक वेळा गोळी बंद करावीच लागत नाही. आयएनआर बघायचा, टाका घालायचा, कापूस दाबून धरायचा. वर अँटिबायोटिकचा डोस दाढ काढायच्या आधी द्यायचा असतो, व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. तोही आम्हाला कुणी दिला नव्हता.

तेव्हा माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: फोनवर विचारूच नका. जवळच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे डिस्चार्ज कार्ड घेऊन स्वतः जा आणि दातांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून घ्या. गोळी चालू की बंद, बंद तर कोणत्या तारखेला पुन्हा सुरू, आणि अँटिबायोटिक कोणतं. तोंडी सांगितलेलं धरू नका. दुखायला लागलं म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलरही आणू नका.

आयएनआरची वही आम्ही घातली आहे, तारीख, आकडा, डोस. लॅब शक्यतो एकच. पालेभाज्यांनी गोळीचा परिणाम कमी होतो म्हणून मेथी-पालक बंद करायला सांगणारे भेटतील, बंद नका करू, प्रमाण रोजचं ठेवा. आणि गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीचे रस्ते बंद झाले तेव्हा आमच्याकडे तीनच उरल्या होत्या.