खुर्ची कुणाची आणि ओढणार कोण?

जगातल्या राज्यघटनांबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न : कुठे 'अध्यक्ष', कुठे 'राष्ट्राध्यक्ष', कुठे 'राष्ट्रपती'. खरी सत्ता कोणाकडे हे ओळखायचं कसं? जनतेनं थेट निवडलेला तोच खरा सत्ताधारी, असं धरलं तर चालेल का?

शब्दांवर जाऊ नका. इंग्रजीत या सगळ्यांना 'प्रेसिडेंट'च म्हणतात, मराठीत बातमी लिहिणाऱ्याला जो शब्द आधी सुचेल तो पडतो. थेट निवडणुकीची कसोटीही फसवी आहे. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष सात वर्षांसाठी थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, पण कारभार हाकतो पंतप्रधान. उलट दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षाला जनता निवडतच नाही. तिथली ४०० जणांची नॅशनल असेंब्ली आपल्यातल्याच एकाला निवडते, आणि राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुख दोन्ही तोच होतो. असेंब्लीनं बहुमतानं अविश्वास दाखवला की राजीनामा द्यायचा. नाव अध्यक्षाचं, नशीब पंतप्रधानाचं.

म्हणून मी एकच विचारतो : या माणसाला मुदतीआधी कोण काढू शकतं आणि त्यासाठी कारण लागतं का? संसदीय पद्धतीत कारण लागत नाही. मतं फिरली, सरकार पडलं. अमेरिकेत मात्र धोरण पटत नाही एवढ्यावर काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, अध्यक्षाला हात लावू शकत नाही. महाभियोगच चालवावा लागतो आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मतानं वाचले. सिनेटनं दोषी ठरवून घरी पाठवलेला अध्यक्ष अजून झालेला नाही.

फ्रान्समध्ये एकाच घरात दोन्ही चुली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेनं पंतप्रधान मिशेल बार्निए यांचं सरकार पाडलं, पण मॅक्राँ अध्यक्षपदी तसेच राहिले, कारण अविश्वासाचा बाण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : स्वीडनच्या पंतप्रधान ३४९ पैकी ११७ मतांवर निवडून आल्या, असं वाचलं. छपाईची चूक असेल ना?

नाही, आकडा बरोबर आहे. २४ नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. माग्दालेना अँडरसन यांच्या बाजूनं ११७ मतं पडली, विरोधात १७४, आणि ५७ सदस्य तटस्थ राहिले. आपल्या सवयीनं बघितलं तर दणदणीत पराभव. पण स्वीडनची राज्यघटना 'तुम्हाला हे हवेत का?' असं विचारतच नाही. ती विचारते, 'तुम्हाला हे नकोच आहेत का?' एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १७५ जणांनी 'नको' म्हटलं तरच उमेदवार पडतो. विरोधकांना एक मत कमी पडलं आणि स्वीडनला पहिली महिला पंतप्रधान मिळाली.

पुढची गंमत तर त्याच दिवशी झाली. संसदेनं त्यांच्या अर्थसंकल्पाऐवजी विरोधकांचा अर्थसंकल्प मंजूर केला, तेव्हा आघाडीतला ग्रीन पक्ष रुसून बाहेर पडला. आघाडीतला पक्ष गेला की पंतप्रधानानं राजीनामा द्यावा असा तिथे संकेत आहे, त्यामुळे काही तासांतच त्यांनी तो दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झालं. या वेळी बाजूनं आधीपेक्षाही कमी, १०१ मतं आणि विरोधात १७३. त्या पुन्हा पंतप्रधान.

मला ही रीत आवडते. लहान पक्षाला 'आम्ही यांना पाठिंबा दिलेला नाही' असं मतदारांपुढे ताठ मानेनं सांगता येतं आणि सरकारही बनतं. मात्र सरकार टिकतं ते सोसण्यावर, प्रेमावर नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी ते उघडं पडतं.

प्रश्न : जर्मनीत अविश्वास ठराव फारसे येत नाहीत. तिथले खासदार जास्त समजूतदार आहेत का?

समजूतदारपणाचा संबंध नाही, नियमाचा आहे. जर्मन घटनेच्या ६७ व्या कलमानुसार चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, नुसतं काढता येत नाही. त्याच ठरावात त्याच्या जागी कोण ते बहुमतानं निवडावं लागतं. याला रचनात्मक अविश्वास ठराव म्हणतात.

नियम कडू अनुभवातून आला. १२ सप्टेंबर १९३२ रोजी राईशस्टागमध्ये, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेत, चॅन्सेलर पापेन यांच्याविरुद्ध कम्युनिस्टांनी ठराव मांडला आणि नाझी कम्युनिस्टांच्या बाजूनं उभे राहिले. पापेन संसद बरखास्तीचा हुकूम हातात घेऊन बोलू पाहत होते. पण सभापतीच्या खुर्चीत होते नाझी नेते गोअरिंग! त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि मतदान पुकारलं. पापेन यांनी कागद त्यांच्या टेबलावर टाकला आणि ते निघून गेले. निकाल ५१२ विरुद्ध ४२. त्या ५१२ जणांचं एका गोष्टीवर एकमत होतं : पापेन नकोत. पर्यायी सरकार कोणाचं, हे विचारलं असतं तर ते एकमेकांच्या अंगावर धावून गेले असते.

१९४९ ची घटना लिहिणाऱ्यांना नेमकं हेच टाळायचं होतं. तेव्हापासून बुंडेस्टागमध्ये, म्हणजे आताच्या संसदेत, असे ठराव दोनदाच आले. १९७२ मध्ये विरोधकांचे उमेदवार राइनर बार्झेल यांना २४९ मतं हवी होती, मिळाली २४७, आणि चॅन्सेलर विली ब्रांट तरले. १९८२ मध्ये मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानानं हेल्मुट कोल आले. स्पेननंही ही तरतूद उचलली. २०१८ मध्ये पेद्रो सांचेझ तिच्याच जोरावर पंतप्रधान झाले.

प्रश्न : ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही. मग तिथलं न्यायालय सरकारची चूक कशाच्या आधारावर ठरवतं?

'लिखित नाही' हे आपण शाळेत घोकलेलं अर्धसत्य. बरंच काही लिहिलेलं आहे, फक्त एका पुस्तकात बांधलेलं नाही. १६८९ चं बिल ऑफ राइट्स, १९११ चा पार्लमेंट ॲक्ट, जुने निकाल आणि जोडीला न लिहिलेले संकेत.

२०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला देऊन, ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत, संसदेचं सत्र पाच आठवड्यांसाठी संस्थगित केलं. सर्वोच्च न्यायालयातल्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. आधार म्हणून थेट १६११ चा निकालही काढला : राजाला कायद्यानं दिलेले तेवढेच अधिकार असतात. स्थगितीचा हुकूम जणू कोरा कागद होता असं न्यायालयानं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खासदार सभागृहात हजर.

प्रश्न : स्वित्झर्लंडचा पंतप्रधान कोण?

कोणीच नाही. सात जणांचं मंडळ सरकार चालवतं. अध्यक्षपद वर्षाला एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि तो बाकी सहांचा साहेब नसतो. संसदेला हे मंडळ चार वर्षं पाडता येत नाही आणि मंडळाला संसद बरखास्त करता येत नाही. लगाम असतो लोकांच्या हातात : शंभर दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की संसदेनं केलेला कायदा सार्वमताला जातो. पण सार्वमत म्हणजे सुधारणेची हमी, असं समजू नका. बायकांना मताधिकार द्यायचा की नाही हेही तिथे सार्वमतानंच ठरायचं, मत देणार फक्त पुरुष. संघीय पातळीवर तो मिळायला १९७१ उजाडलं.

प्रश्न : अमेरिकेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत फक्त २७ घटनादुरुस्त्या कशा?

संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि शिवाय तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी, ही रीतसर वाट आहे. त्यातली शेवटची २७ वी तर सुटली ती योगायोगानं. खासदारांनी स्वतःची पगारवाढ केली तर ती पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी, हा ठराव १७८९ सालचा. पुरेशी राज्यं मिळाली नाहीत, पण त्याला मुदतही घातलेली नव्हती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं 'हा अजून मंजूर होऊ शकतो' असा निबंध लिहिला, त्याला 'सी' श्रेणी मिळाली. त्यानं चिडून राज्या-राज्यांच्या लोकप्रतिनिधींना पत्रं लिहायला सुरुवात केली. १९९२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. त्याची श्रेणी विद्यापीठानं २०१७ मध्ये 'ए' केली.

प्रश्न : एखाद्या राजाला निवृत्तीचं वय असतं का?

भूतानमध्ये आहे, ६५. २००८ च्या राज्यघटनेत तसं लिहिलंय. घटनेचा जाणूनबुजून भंग केला तर संसद आणि मग सार्वमत यांच्या मार्गानं राजाला पायउतार करण्याची तरतूदही तिथेच आहे. ही घटना तयार करायला लावली ती राजानंच, आणि ती लागू होण्याआधी, २००६ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना तो गादी मुलाकडे सोपवून मोकळा झाला.