सिलिंडर पाठीवर नको, पाण्यावर ठेवा

दादा, कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून स्कूबा, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, सोडू नका. पाण्यात अंगावर भार जाणवत नाही. खरा त्रास वाळूतल्या चालण्याचा. भरलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण १७ किलोचा, बुडण्यासाठी लावायची शिशाची वजनं वेगळी. तो पाठीवर घेऊन चालूच नका. सिलिंडर ज्याला जोडतात त्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून सगळा संच पाण्यावर तरंगत ठेवायचा, जोडीदाराने धरायचा आणि छातीइतक्या शांत पाण्यात आपण तो अंगावर चढवायचा. फिन्सही, म्हणजे पायातले पोहण्याचे पंख, तिथेच घालायच्या. बाहेर येताना आधी संच काढून द्यायचा. मी हे मागायला लाजत होते. लाटेत गुडघा मुरगळल्यावर बोलले. तुम्ही पहिल्याच दिवशी बोला.

आधी डॉक्टरांना विचारा, मग इथल्या तरणतलावात हाच सराव करा. उतरण्यापूर्वी कुठे किती दुखतंय ते लिहून ठेवा. नंतर सांधा नव्याने ठणकला तर ते डिकम्प्रेशनचं, म्हणजे वर येताना दाब कमी होऊन शरीरात वायूचे बुडबुडे होण्याच्या आजाराचं, लक्षण असू शकतं, जुनं दुखणं समजून अंगावर काढू नका. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्याने हाच त्रास होऊ शकतो; म्हणून डाइव्हच्या दिवशी घाट चढू नका, किनाऱ्यावरच मुक्काम करा.