जर्मनीत गोचीड चावून मेंदूज्वर होतो म्हणतात, तो पसरतो कसा?

खरं आहे, विशेषतः बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. रानउंदरांच्या रक्तातून विषाणू गोचिडीत येतो. ती गवतावर दबा धरून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला चिकटते. विषाणू तिच्या लाळेतच असतो, म्हणून चावल्यावर काही मिनिटांत तो अंगात शिरतो. गोचीड लगेच काढावीच, पण काढली म्हणजे सुटलो असं नाही. (गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजाराचं वेगळं, त्याचे जंतू अंगात शिरायला बरेच तास लागतात.) शेळीचं न तापवलेलं दूध ही दुसरी वाट. रुग्णाजवळ बसल्याने मात्र हा लागत नाही. यावर खास औषध नाही, लस आहे: 3 डोस. उन्हाळ्यात जंगलात भटकायचं असेल तर हिवाळ्यातच सुरू करा. आपल्या सिंधुदुर्गातला माकडतापाचा विषाणू याचाच भाऊबंद.